साळवे सिस्टरांचा संप

उपदेश चालू असताना मध्येच उभं राहून बोलू नये, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी कुणाला कधी बजावलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. ती साळवे सिस्टरांनी आणली.

त्या रविवारी बाहेरून कुणी नावाजलेले उपदेशक आले होते. कोट, टाय, खणखणीत आवाज. बोलता बोलता ते आजारांवर आले, आजारांवरून अपंगांवर आले, आणि म्हणाले की ज्या घरात असं मूल जन्माला येतं त्या घरातल्यांनी आपलं अंतःकरण तपासावं, कुठेतरी पाप दडलेलं असतं. मी गायकवर्गात, म्हणजे मंडळीकडे तोंड करून बसते, त्यामुळे मला सगळ्यांचे चेहरे दिसतात. पुढून दुसऱ्या बाकावर साळवे सिस्टर बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी सुहास. सिस्टरांनी मांडीवरची पर्स बाकावर ठेवली आणि त्या उभ्या राहिल्या.

"कोणाचं?"

उपदेशक थांबले. "काय म्हणालात, ताई?"

"पाप. कोणाचं पाप, ते नाव घेऊन सांगा. हा सुहास, माझ्या बहिणीचा मुलगा. ह्याची आई कुसुम, याच बाकावर बसायची. ती तर गेली. पण नाव सांगा."

"ताई, आपण उपासना संपल्यावर बोलू या."

"उपासना संपल्यावर तुम्ही जेवायला जाल. मला आत्ता सांगा. हाच प्रश्न एका आंधळ्याला बघून शिष्यांनी विचारला होता. तेव्हा 'ह्यानेही नाही, ह्याच्या आईबापांनीही नाही' हे येशूचं उत्तर तुमच्या बायबलमध्ये आहे की नाही?"

उपदेशकांनी दोन पानं उलटली, तिसरं उलटलं, आणि थेट शेवटची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. सिस्टर उभ्याच होत्या. सुहास त्यांचा पदर धरून माझ्याकडे बघून हसत होता, कारण गाणं आता सुरू होणार हे त्याला कळलं होतं.

सिस्टर म्हटलं की अनोळखी लोकांना त्या मठातल्या सिस्टर वाटत. "नन नाही हो, नर्स," असं त्या फोनवर, बँकेत, रेशनच्या दुकानात सांगून दमल्या होत्या. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्य काढलं आणि वॉर्डच्या इन्चार्ज म्हणून निवृत्त झाल्या. ठेंगणा बांधा, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पिन, आणि मनगटावर पुरुषी वाटावं एवढं घड्याळ. आवाज मात्र लांबलचक वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचायची सवय असलेला. कुजबुजणं त्यांना जमायचं नाही आणि जमलं असतं तरी आवडलं नसतं. "जे हळू बोलावं लागतं ते बोलूच नये," असं म्हणायच्या.

लग्न केलं नाही. धाकटी बहीण कुसुम त्यांच्याजवळच राहायची. सुहास जन्मल्यावर काही दिवसांतच तिचा नवरा गावी जाऊन येतो म्हणून गेला तो परतलाच नाही. मुलाचे ते विशिष्ट डोळे, आखूड बोटं, बाहेर डोकावणारी जीभ डॉक्टरांनी बघितली तशी त्यानेही बघितली होती. पुढे कुसुमही तापाने गेली. तेव्हापासून सुहास मावशीचा. तो त्यांना "माऊ" म्हणायचा. आणि सुहासबद्दल कुणी "बिचारा" म्हटलं की सिस्टर ताबडतोब दुरुस्त करायच्या, "बिचारा नाही. सुहास."

त्यांच्या रागाची एक खूण बिल्डिंगभर माहीत होती. राग आला की त्या इस्त्री काढायच्या. लालबागमधली त्यांची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झाला, चाळीतले सगळे त्यात राहायला गेले, सिस्टरही अकराव्या मजल्यावर गेल्या, पण इस्त्रीची पद्धत तीच राहिली. स्वतःचे कपडे संपले की पडदे, पडदे संपले की शेजाऱ्यांचे कपडे. शेजारच्या सावंतवहिनी दारातून आधी अंदाज घ्यायच्या. "सिस्टर आज चिडलेल्या दिसतात. मग पोरांचे युनिफॉर्म आणू काय?" आणि सिस्टर आतूनच ओरडायच्या, "आणा! सगळे आणा!"

आता मुख्य गोष्ट सांगते. सांगताना माझाही आवाज चढतो. चढू दे.

सुहास पंचविशीच्या पुढे गेला होता. तान्हा असताना त्याचा बाप्तिस्मा आमच्याच चर्चमध्ये, आम्ही मंदिर म्हणतो तिथे, झाला होता. मला तो दिवस आठवतो. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, त्याच्या कपाळावर पाणी घातलं, त्याला दोन्ही हातांनी उचलून मंडळीला दाखवलं आणि विचारलं, ह्या लेकराला तुम्ही आपलं म्हणून स्वीकारता का? आम्ही सगळे उभे राहून "होय" म्हणालो. खणखणीत म्हणालो. कुसुम रडत होती.

आमच्याकडे मूल मोठं झालं की त्याचं दृढीकरण होतं, म्हणजे आपला विश्वास ते स्वतःच्या तोंडाने कबूल करतं, आणि मग त्याला प्रभुभोजनाला बसता येतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे पुढे जातात, कठड्यापाशी गुडघे टेकतात, आणि पाळक प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवतात, मागून द्राक्षरसाचा प्याला देतात. सुहासच्या बरोबरीची मुलं कधीच त्या रांगेत गेली होती. त्यांच्यातल्या काहींची लग्नं झाली. सुहास बाकावर बसून बघायचा. मग एकदा घरी त्याने हात पुढे करून सिस्टरांना विचारलं, "माऊ, मला?"

सिस्टर त्याच आठवड्यात पाळकांकडे गेल्या.

तेव्हाचे पाळक लोंढेसाहेब स्वभावाने मऊ होते. इतके मऊ, की त्यांच्यावर ज्याने शेवटचा हात ठेवला असेल त्याचा ठसा उमटायचा. त्यांनी सुहासला दृढीकरणाच्या वर्गाला बसवलं आणि शेवटी पंचकमिटीसमोर प्रश्न विचारले. ही मंडळीने निवडलेली पंचांची कमिटी. सचिव थोरातसाहेब. बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "नियमानुसार".

"सुहास, येशू कोण आहे?" लोंढेसाहेबांनी विचारलं.

सुहासने त्यांच्या मनगटाला हात लावला. "घड्याळ मस्त."

"बरं. प्रभुभोजन म्हणजे काय, सांगशील?"

सुहासने विचार केला. मग दाराकडे बोट दाखवलं. "चहा झाला?"

एक-दोघे हसले. सिस्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते खोकायला लागले.

थोरातसाहेब म्हणाले, "नियमानुसार, सिस्टर, अर्थ समजल्याशिवाय भोजनात भाग घेता येत नाही. आपण थांबू. त्याला समज येऊ दे."

"समज यायची तेवढी आली आहे, थोरातसाहेब. आता आणखी येणार नाही. मी नर्स आहे, मला माहीत आहे. म्हणजे कधीच नाही, असं म्हणा ना."

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हणायची हिंमत नाही, एवढंच."

मी सिस्टरांच्या सोबतीला गेले होते आणि वाट बघत होते, सुहास काहीतरी बोलेल आणि सगळे गप्प होतील. तसं काही झालं नाही. त्याला खरंच चहा हवा होता.

पुढच्या पहिल्या रविवारी सिस्टर त्याला घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. स्वच्छ पांढरा शर्ट, भांग पाडलेला. दोघं कठड्यापाशी शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसले. सुहासने इतरांचं बघून उजवा हात डाव्यावर ठेवून पुढे केला. लोंढेसाहेब एकेकाला भाकर देत आले. सिस्टरांच्या तळहातावर तुकडा ठेवला. मग सुहासच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून आशीर्वाद दिला, आणि पुढच्या माणसाकडे गेले.

सुहास हात पुढे करून तसाच राहिला. मागून प्याला आला आणि तोही पुढे गेला. त्याने आपल्या तळहाताकडे बघितलं. मग तो उलटा करून बघितला. मग सिस्टरांना दाखवला. "नाही दिला."

हळू नाही म्हणाला तो. मावशीकडेच वाढलेला. सगळ्या मंदिराला ऐकू गेलं.

सिस्टर उठल्या. त्यांच्या हातावर भाकर तशीच होती. त्या लोंढेसाहेबांच्या मागे गेल्या आणि तो तुकडा त्यांच्या हातातल्या ताटात परत ठेवला.

"हे राहू दे. ह्याला मिळेल तेव्हा मी घेईन."

उपासनेनंतर मंडळीची बैठक झाली. पुरुषांना पावित्र्याची काळजी लागली होती, बायकांना सिस्टरांच्या तब्येतीची. पायंडा पडेल, असं कुणी म्हणालं. कसला पायंडा? आणखी एखादं मतिमंद मूल देवाच्या मेजाशी येऊन बसेल, हा? मला आजही हे लिहिताना हात आवरत नाही. शेवटी एक बाई अगदी मायेने म्हणाल्या, "सिस्टर, राग मानू नका. आमचं सगळ्यांचं किती प्रेम आहे सुहासवर!"

"प्रेम आहे तर भाकर कुठंय?"

सिस्टर पुढे आल्या. "मी जिथे राहते तिथे खाली गणपती बसतो. आमचे सावंत तिथले कार्यकर्ते. दरवर्षी आरतीला सुहासच्या हातात झांजा देतात. त्याचा ताल चुकतो, कायम चुकतो. एकदा नवीन आलेला कुणीतरी म्हणाला, ह्याला आरतीतलं काय कळतंय? सावंत काय म्हणाले माहीत आहे? 'माका तरी खंय कळता! वाजव रे सुहास.' तो त्यांचा मांडव आहे. आमचा धर्म वेगळा, हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. तिथे त्याला जागा आहे. आणि इथे, जिथे तुम्ही त्याला पाणी घालून देवाचं लेकरू केलंत, जिथे तुम्ही उभे राहून होय म्हणालात, तिथे तुम्ही त्याला दारात बसवता. लेकरू म्हणायचं आणि जेवायला बोलवायचं नाही? अशा घराला काय म्हणतात, ते मला देवाच्या घरात उभं राहून बोलायला लावू नका."

थोरातसाहेब म्हणाले, "मतदान घेऊ."

सुहासच्या बाजूने हात वर झाले ते चार. त्यात माझा एक. सुहासनेही हात वर केला होता. तो धरला नाही.

तेव्हापासून सिस्टरांचा संप सुरू झाला. संप हा शब्द त्यांचाच. वडील गिरणीत होते. "आमच्या घरात संप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही," त्या म्हणायच्या. दर पहिल्या रविवारी त्या येत. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत सगळं म्हणत. फक्त रांग सुरू झाली की दुसऱ्या बाकावर सुहासच्या शेजारी ताठ बसून राहत. भाकर घेऊन परतणाऱ्यांना त्यांच्याजवळूनच जावं लागे. त्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत. काही दिवसांनी लोक बाजूच्या भिंतीकडून परतायला लागले.

लोंढेसाहेबांची बदली झाली. दुसरे पाळक आले, ते "बघू, प्रार्थना करू" म्हणत गेले. कुणीतरी सुचवलं की दादरला किंवा आणखी कुठे दुसऱ्या मंडळीत विचारा, हल्ली बऱ्याच ठिकाणी देतात. सिस्टर उसळल्या. "शेजाऱ्याकडे ताट मिळतं म्हणून आपल्या घरात उपाशी बसायचं का? मी कुठेही जाणार नाही. माझा बाप इथे, आई इथे, कुसुमची शवपेटी याच दारातून बाहेर गेली. ज्यांनी नाही म्हटलं त्यांनीच द्यायची."

त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. सावंतवहिनींच्या घरातला एकूण एक कपडा इस्त्री होऊन दिवाणावर पडला होता, टॉवेलसकट. सिस्टर घामाघूम. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला स्वतःला चुकल्यासारखं वाटत नाही का? इतकी वर्षं भोजन नाही." त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "वाटतं ना. फार वाटतं. लहानपणापासून कधी चुकवलं नव्हतं. रात्रपाळी करून तशीच यायचे." मग पुन्हा इस्त्री उचलली. "म्हणून तर राग येतो गं."

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग मनीषा पाळक आल्या. वयाने लहान, स्कूटीवरून यायच्या, त्यामुळे अर्ध्या मंडळीला त्या पहिल्या दिवसापासूनच पटल्या नाहीत. त्यांनी घरभेटींची सुरुवात सिस्टरांच्या घरापासून केली. सुहासने त्यांना आपल्या झांजा दाखवल्या. त्यांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. थोरातसाहेबांना मात्र त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मेज प्रभूचं आहे, साहेब. आपण वाढपी."

तो पहिला रविवार. सगळ्यांना देऊन झालं. मनीषाबाई कठड्याबाहेर आल्या आणि ताट घेऊन चालत दुसऱ्या बाकापाशी थांबल्या. आम्ही गायचं विसरलो. त्यांनी तुकडा उचलला. "सुहास, हे तुझ्यासाठी."

सुहासने हात पुढे केले नाहीत.

मला समोरून दिसत होतं. भाकर वाटायची वेळ झाली की तो आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसायचा. कधीपासून, कोण जाणे. त्या दिवशीही तसाच बसला होता. मान खाली.

"सुहास, हात काढ राजा," सिस्टर म्हणाल्या.

त्याने मान हलवली. "मला नाही. नाही देत."

सिस्टर उठल्या, मंडळीकडे वळल्या. एवढ्या वर्षांत त्यांना मी खूप वेळा चिडलेलं पाहिलं होतं, पण आवाज फुटताना पहिल्यांदाच ऐकला.

"बघितलंत? समजत नाही म्हणत होतात ना त्याला? हे समजलं. हे तुम्ही शिकवलंत. हे मात्र बरोब्बर समजलं त्याला!"

मनीषाबाई बाकावर सुहासच्या शेजारी बसल्या, ताट मांडीवर घेऊन. घाई केली नाही. मी गाणं पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू केलं. ते संपलं, परत सुरू केलं. मध्येच सुहासने एक हात बाहेर काढला, ताटाच्या काठाला बोट लावलं आणि मावशीकडे बघितलं.

"खाऊ?"

"खा."

त्याने तुकडा घेतला. खाल्ला. चव बघितल्यासारखं तोंड केलं. मग म्हणाला, "माऊला."

सिस्टरांनी ओंजळ पुढे केली आणि मनीषाबाईंनी तीत तुकडा ठेवला.

इथे गोष्ट गोड होते असं कुणाला वाटेल. सिस्टरांनी ती गोड होऊ दिली नाही. पुढच्याच महिन्यात पंचकमिटीने सिस्टरांचा आणि सुहासचा सत्कार करायचं ठरवलं. शाल, फोटो, मंडळीच्या अंकात दोन शब्द. थोरातसाहेब स्वतः आमंत्रण द्यायला गेले. सिस्टरांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "त्याचं होतं ते तुम्ही अडवून ठेवलं होतंत. आता सोडलंत. ह्यात सत्कार कुणाचा आणि कशाबद्दल?" शाल तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी सावंतवहिनींना बिल्डिंगमधून कपडे गोळा करावे लागले.

पुढच्या पावसाळ्यानंतर सिस्टरांचं हृदय कुरकुरायला लागलं. ज्या हॉस्पिटलात नोकरी केली तिथेच दाखल झाल्या. दिवसा सुहास सावंतांकडे जेवायचा आणि संध्याकाळी सावंत त्याला घेऊन भेटायला यायचे. मी गेले तेव्हा सिस्टरांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, डोळे मिटलेले, चेहरा अगदी लहान झालेला. थोडं बोललं तरी धाप लागायची.

तेवढ्यात पंचकमिटीचे लोक प्रार्थना करायला आले. थोरातसाहेब, खजिनदार, आणखी दोन-तीन बायका. प्रेमाने आले होते, हे मान्य करते. पलंगाभोवती उभे राहिले आणि आमच्या पद्धतीप्रमाणे एकमेकांचे हात धरून गोल केला. मीही त्यात होते. थोरातसाहेबांनी डोळे मिटले. "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, ही तुझी लेक..."

सिस्टरांनी डोळे उघडले. एकेकाकडे बघत नजर फिरवली. मग हात वर नेऊन मास्क खाली ओढला.

"त्याचा हात कोणी धरलाय?"

सुहास गोलाच्या बाहेर, खिडकीपाशी उभा होता.

प्रार्थना थांबली. थोरातसाहेबांनी माझा हात सोडला, बाजूला सरकून जागा केली आणि सुहासकडे हात केला. सुहासने आधी मावशीकडे बघितलं, मग तो हात धरला. दुसरा मी धरला.

सिस्टरांनी गोल पुन्हा एकदा नीट तपासून घेतला, वॉर्डातून फेरी मारताना तपासत असतील तसा. मास्क परत नाकावर चढवला.

"हां," आतून आवाज आला. "आता म्हणा."